बिनधुराची शेगडी

शहापूर, २ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप आई,

नमस्कार शेवटी करीन, आधी बातमी. मला दिवस गेले आहेत आणि आठवा लागला आहे! हो, तुझ्या नमीला. बसलीस ना खाली? बस. अक्षदा वहिनी, तिला पाणी दे आणि मग पुढचं वाच.

दोन वर्षं झाली, माझ्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही. सरळगावच्या पाहुण्यांना तू शब्द देऊन बसली होतीस आणि मी दीपेशशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाले, हे तुला किती लागलं ते मला कळतं. भाऊबीजेला कुंडलिकदादासुद्धा आला नाही. मी ओवाळणीचं ताट दिवसभर झाकून ठेवलं आणि संध्याकाळी दीपेशने त्यातल्या करंज्या खाल्ल्या. पण आता भांडण पुरे कर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मला कोणी शिकवलं? तूच ना! मला सिद्धगडाच्या पायथ्याला यायचं आहे, आपल्या मागच्या खोलीत बाजेवर पडायचं आहे आणि तुझ्या हातचं तेल अंगाला लावून घ्यायचं आहे. पत्र चंदरदादाच्या हाती देते आहे. तो मुरबाडच्या एस्टीवर कंडक्टर आहे तोवर आपल्याला पोस्टमनची गरज नाही. त्याच्याजवळ नुसतं "ये" म्हण, मी त्याच गाडीत बसते.

(वहिनी, हे कंसातलं मोठ्याने वाचू नकोस, फक्त तुझ्यासाठी आहे. ती अजून माझं नाव निघालं की चुलीकडे तोंड करून बसते का? आणि हे ऐकून काय म्हणाली ते मला खरं खरं कळव. चांगलं नसलं तरी कळव.)

आता नमस्कार.

तुझी
नमी


शहापूर, ३० नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप आई,

तू "ये" म्हणाली नाहीस. चंदरदादा म्हणतो, "मावशी ऐकून गप उठली नि गोठ्यात गेली." बरं. गाईला तरी सांगितलंस का?

मी रागावले नाही. म्हणजे तीन दिवस रागावले होते, आता नाही, कारण इथे इतकी गंमत चालली आहे की रागवायला सवड नाही. माझ्या सासूबाई आल्या! गुणाबाई, किन्हवलीच्या. "विहीणबाय नाय बोलवत तर नाय, मी करते सुनेचं बाळंतपण," असं म्हणून सगळा संसार घेऊन आल्या. एस्टीच्या टपावर सुंभाची बाज बांधून आणली. गाडी स्टँडवर थांबली तर लोक बाज बघायला जमले. बाजेच्या पाठोपाठ लोखंडी शेगडी उतरली, कोळशाचं पोतं उतरलं, ओवा, बाळंतशेपा, खोबरं, डिंक, आणि सगळ्यांत शेवटी सासूबाई उतरल्या, कंडक्टरशी भांडत. मला त्या फार आवडतात. तुलाही आवडल्या असत्या, तुमचे आवाज सारखे आहेत.

खोलीत बाज ठेवली आणि खोली संपली. आमची भाड्याची खोली म्हणजे एकच, तिलाच मोरी, तिलाच ओटा. पण नवी कोरी आहे, वर स्लॅब, खाली लादी, भिंतींना पिस्ता रंग. घरमालकीण जनाबाई या रंगाला स्वतःच्या जावयापेक्षा जपतात. भिंतीला खिळा मारायचा नाही, उदबत्ती भिंतीपासून लांब. वरचा झरोका त्यांनी सिमेंटने लिंपून टाकला आहे, का तर त्यात चिमण्या घाण करतात. त्यांनी शेगडी बघितली मात्र, दारातच उभ्या राहिल्या.

"ती वस्तू माझ्या खोलीत पेटायची नाय. रंग काळा झाला तर त्याच दिवशी खोली खाली."

सासूबाई म्हणाल्या, "बाळंतीण शेकाशिवाय ठेवू? तुमची लेक ठेवलीत का हो?"

"ती तिच्या सासरी शेकली. तितं भिंती मातीच्या."

यावर सासूबाईंनी शेगडी बाजेखाली सरकवली. त्या भांडण अर्धं सोडतात तेव्हा समजायचं, काहीतरी शिजतं आहे.

(वहिनी, मोठ्याने नको. मला भीती वाटते गं. सासूबाई खूप करतात, पण कळ आली की तोंडातून "आई" येणार, "सासूबाई" येणार नाही. तू तिला काही सांगू नकोस. ती आपली गोठ्यात सुखी आहे.)

तुझी
नमी


शहापूर, ११ जानेवारी १९९८

आई! आई! आई!

मुलगी झाली! तू आजी झालीस, तुला आवडो न आवडो!

इथल्या सरकारी दवाखान्यात झाली. काळंभोर जावळ, कपाळावर तुझ्यासारखी आठी. खरंच सांगते, जन्मल्या जन्मल्या आठी घालून माझ्याकडे बघितलं तिने, जणू सरळगावच्या पाहुण्यांचं ती पण ऐकून आली आहे. दीपेश आटगावच्या कारखान्यातून पहिली पाळी टाकून पळत आला. तिला घ्यायला तसाच धापा टाकत पुढे झाला, तर नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही आधी बसा, मग घ्या. पेढे वाटताना जनाबाईंना दोन वेळा दिले आणि चहावाल्याला द्यायचेच राहिले.

नाव अजून ठेवलेलं नाही. बारसं मी थांबवून धरलं आहे, सगळ्यांशी भांडून. का ते तुला कळतं. तोवर सासूबाई तिला ठकी म्हणतात, मग आम्हीही ठकीच म्हणतो. ठकी रडली की सगळी चाळ उठते. जनाबाईंच्या घरातून सुद्धा आवाज येतो, "बघा काय झालं तिला!" असा गळा आपल्या घराण्यात एकाच बाईचा आहे आणि ती हे पत्र ऐकते आहे.

ये ना गं. एकदा बघून जा. माझ्याशी नको बोलूस, तिच्याशी बोल.

(वहिनी, ती ऐकताना हसली का? एवढंच.)

तुझी
नमी आणि ठकी


शहापूर, २७ जानेवारी १९९८

तीर्थरूप आई,

सासूबाई जिंकल्या! ऐक कशा.

थंडी केवढी पडली आहे ते तुला सांगायला नको. अशात शेक नाही म्हणजे बाळंतिणीचे सांधे कायमचे गेले, असं सासूबाई रोज ऐकवायच्या. पण जनाबाईंचा पहारा. त्यांचं म्हणणं एकच, धूर नको, रंग काळा होतो. मग सासूबाईंनी काय केलं असेल? दुपारी जनाबाई जेवून आडव्या झाल्या की त्या शेगडी घेऊन पाण्याच्या टाकीमागे जातात. तिथे कोळसे पेटवतात आणि सगळा धूर निघून जाईपर्यंत वारा घालत बसतात. नुसते लाल निखारे उरले की वर पाटी झाकून, फडक्याने धरून, पदराआड शेगडी आत, थेट माझ्या बाजेखाली! धूर नाही, काजळी नाही, भिंतीवर डाग नाही. ओव्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावतात आणि दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबतात. मग मी बाजेवर, ठकी माझ्या कुशीत, आणि सासूबाई दाराशी राखण करत बसतात. जनाबाई एकदा दारावरून गेल्या, नाक वर करून हुंगत. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो.

काय सुख आहे गं आई! पाठीला ऊब लागली की हाडं विरघळतात. आपल्या मागच्या खोलीत तू अक्षदा वहिनीला शेक द्यायचीस ते आठवतं, पण तिथे कुडातून वारा यायचा आणि अर्धी ऊब कौलातून आभाळाला जायची. इथे नाही. इथे ऊब राहते.

आणि ठकी तर काय गुणाची झाली आहे! शेक सुरू झाल्यापासून रडणं बंद. पहिल्यांदा चाळ उठवायची, आता शेक झाला की गाढ झोपते, दूध प्यायलासुद्धा उठवावं लागतं. गाल कसे लालगुलाबी. बघायला येतात त्या बायका म्हणतात, किती गं शहाणी पोर, आवाज म्हणून नाही. सासूबाई तिची दृष्ट काढून काढून दमल्या.

(वहिनी, हे तिला सांगू नकोस, उगाच म्हणेल शहरात राहून नाजूक झाली. शेक झाला की माझं डोकं ठणकतं, मळमळतं. काल उठायला गेले तर पाय आपले नव्हेतच असे वाटले. सासूबाईंचंही डोकं चढतं, त्या म्हणतात ओवा जास्त झाला. बाळंतपणात होतं ना असं? तुला झालं होतं का?)

उद्या थंडी वाढली तर जास्त कोळसे घालू म्हणतात. घालोत. धूर नाही तोवर जनाबाई काय करणार!

पत्र आत्ताच चंदरदादाकडे देते, त्याची गाडी सुटायची आहे.

तुझी
नमी


शहापूर, ८ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आई,

तू काल दुपारच्या गाडीने गेलीस आणि मी आज लिहायला बसले. तुला हे सगळं माहीत आहे, पण तू घरी जाऊन कुणाला काही सांगणार नाहीस. विचारलं तर "बरी हाय पोर" म्हणून भाताला लागशील. तेव्हा वहिनी, कुंडलिकदादा, हे तुमच्यासाठी. मोठ्याने वाचा.

आणि वहिनी, तुझं काय करू मी? कंसातलं तू पहिल्या पत्रापासून सगळंच्या सगळं मोठ्याने वाचत होतीस! गोठ्यातलं, चुलीकडे तोंड, नाजूक झाली म्हणेल, सगळं! आईने मला सांगितलं तेव्हा मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तुझ्या पाया पडते वहिनी. तू माझं ऐकून कंस गाळला असतास तर आज हे पत्र लिहायला मी नसते.

तर ऐका. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. थंडी म्हणून सासूबाईंनी शेगडी काठोकाठ भरली होती. निखारे लालबुंद, धुराची रेघसुद्धा नाही. खिडकी बंद, दाराला कडी, फटीत लुगडं. मी बाजेवर पडले आणि थोड्या वेळाने दारावर थाप ऐकू आली. मला ऐकू येत होती. कोणीतरी "नमे, नमे" म्हणत होतं. मला वाटत होतं, उठावं, पण मग वाटलं, कोण उठणार, ऐकत पडावं. सासूबाई दाराशी बसल्या बसल्या कलंडल्या होत्या, त्यांनीही हालचाल केली नाही. ठकी कुशीत अगदी शांत.

यापुढचं जनाबाईंनी सांगितलेलं. त्या आवाजाने उठून बाहेर आल्या, तर एक अनोळखी बाई त्यांच्या दाराला खांदे मारते आहे. त्या ओरडल्या, "अगो बाय, दार मोडशील!" आईने वळूनसुद्धा बघितलं नाही. तिसऱ्या धक्क्याला कडी उखडली. आई आत गेली ती ठकीला घेऊन बाहेर आली, पोरीला जनाबाईंच्या हातात दिलं आणि परत आत. शेगडी नुसत्या हातांनी ओढून अंगणात फेकली. हातांना फोड आले ते तुम्ही बघितलेच असतील, तिने चुलीचं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मग सासूबाईंना ओढलं, मग मला. माझे पाय लादीवरून घासत चालले होते आणि मी म्हणत होते म्हणे, "आई, रंग खराब होईल."

अंगणात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय दिसलं सांगू? आई मातीत मांडी घालून बसली होती. ठकी तिच्या मांडीवर, गुलाबी, सुंदर, मान लुळी. आई तिच्या तळपायांना चापट्या मारत होती. पाठ चोळत होती.

"रड गो माजे बाय. रड. नको गुनाची होऊ. रड."

सगळी चाळ जमली होती. जनाबाई आधी रडल्या, मोठ्याने. आई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, आणि मग ठकीने तोंड वाकडं केलं, कपाळाला आठी घातली आणि असा टाहो फोडला की स्टँडवर ऐकू गेला असेल. मी जन्मात इतकं गोड काही ऐकलं नाही. मी हसत होते, रडत होते, ओकत होते, सगळं एकदम.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, तिघींनाही ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई सासूबाईंवर चिडल्या नाहीत, समजावून म्हणाल्या, "मावशी, धूर दिसतो म्हणून माणूस त्याला भितो. निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला ना धूर ना वास. उघड्यावर तो उडून जातो. झोपायच्या बंद खोलीत भरून राहतो, आणि माणसाला वाटतं छान झोप येते आहे." सासूबाईंनी त्या दिवशी तोंडात पाणी घेतलं नाही. मी हात धरला तर म्हणाल्या, "मी माज्या हातानं लुगडं कोंबलं गो." मला त्यांचा राग नाही आला. हसत तर मी पण होते.

घरी आलो, आणि सुरू झाला आईचा मुक्काम. वहिनी, तुझी सासू माझ्याशी बोलली नाही! जीव वाचवला, पण बोलणं नाही. सगळं ठकीच्या मार्फत. "ठके, तुज्या आयशीला सांग, डिंकाचा लाडू खा." "ठके, तुज्या बापाला सांग, असं दार आपटू नको." आणि दीपेश पण असा वेडा, उत्तर ठकीलाच द्यायचा. "ठके, आजीला सांग, आपटत नाही, कडी मोडली आहे." ती कडी कोणी मोडली हे सांगायची हिंमत मात्र नाही!

मग परवा सकाळी दोघी विहिणी ठकीला न्हाऊ घालत होत्या. जनाबाई दारात उभ्या. सासूबाईंनी विचारलं, "विहीणबाय, तुमाला तितं बसून कसं उमगलं?"

आई पाणी ओतायची थांबली. म्हणाली, "मला एक व्हती. कुंडलिकच्या आदी."

वहिनी, मी हे कधी ऐकलेलं नाही. दादा, तुला माहीत होतं? मला नाही वाटत.

"आमी तवा कल्याणला व्हताव. ह्यांना तितं कंपनीत काम. भाड्याची खोली, वर स्लॅप, अशीच. माजी आय आली शेगडी घेऊन. गावात करतात तसा शेक केला. गावात कौलं, कूड, वारा येतो नि जातो. तितं दार लावलं की डबा. तिचं बी काय चुकलं? तिला ठावं नव्हतं. सगळी बोलायची, किती गुनाची पोर, रडत नाय. लाल लाल गाल. एक दिवस उठलीच नाय. आय म्हनली नजर लागली. मी बी तेच म्हनत आली इतकी वर्सं. कुनाची लागली, शोधत बसायची. बायांचे चेहरे आठवायची. मंग अक्षदानं पत्र वाचलं. ती वाचत व्हती नि मला घाम फुटला."

इथे तिने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं.

"नमे, तू तेच लिवलंस गो. सगळं तेच."

आई, तुझ्या लक्षात तरी आलं का? दारावरची ती हाक सोडली तर दोन वर्षांत पहिल्यांदा तू मला हाक मारलीस. मी तिथेच तुझ्या ओल्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ठकी दोघींच्या मध्ये साबणासकट ओरडत होती. तू माझ्या केसांवरून हात फिरवलास, तो फोड आलेला हात. मला तुझा इतका राग होता, आणि तो कुठे गेला ते मला अजून सापडलेलं नाही.

जनाबाई निघून गेल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता खोली खाली करा म्हणणार. तर त्या पहार घेऊन आल्या! दीपेशच्या हातात दिली आणि वर बोट केलं. "तो झरोका फोड. आन समोरच्या भिंतीत बी एक पाड. चिमन्या येतात तर येऊ दे." दीपेशने फोडला, आणि त्यांच्या लाडक्या पिस्ता भिंतीवरून सिमेंटचे ओघळ आले. त्या बघत राहिल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "जरा हळू मार की रे." आता चाळीतल्या सगळ्या खोल्यांचे झरोके फोडायला काढले आहेत. माझा शेक अंगणात होतो, चहूबाजूंनी साड्या बांधून, सकाळच्या उन्हात. पेटवतात जनाबाई.

आम्ही पुढच्या रविवारी येतो. बारसं माहेरीच. चंदरदादाने पुढची जागा धरून ठेवायचं कबूल केलं आहे. आई, दीपेश पण येईल. त्याच्याशी ठकीच्या मार्फत बोललीस तरी चालेल, त्याला सवय झाली आहे.

आता एक विचारायचं राहिलं. गाडीत बसताना तू म्हणालीस, त्या पहिल्या पोरीचं बारसं व्हायच्या आधीच ती गेली, म्हणून नाव नाही. पण आई, मी दिवसभर या पोरीला मांडीवर घेऊन बसते, तिला काहीबाही म्हणते. माझे बाय म्हणते, चिमणे म्हणते, ठके तर म्हणतेच. तू पण तुझ्या त्या पोरीला काहीतरी म्हणतच असशील. माझ्या थोरल्या बहिणीला तू काय हाक मारायचीस ते मला हवं आहे. वहिनी, इथे वाचायचं थांब आणि आईला बोलू दे. घाई करू नकोस. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून चंदरदादाच्या हाती दे.

तुझी
नमी